नाशिकची नामावळ: सासरी गेलेल्या लेकींचा शोध घेणाऱ्या खान्देशकरांसाठी

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल, म्हणजे यजमानांच्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या नामावळीबद्दल, आमच्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी सांगतं, तिथे सात पिढ्या निघतात. कुणी म्हणतं, सगळा दक्षिणेचा मामला आहे. मी दोन्ही ऐकून गेले आणि आता स्वतःच्या अनुभवावर लिहिते आहे, कारण माझ्या वडिलांच्या फुईचं, म्हणजे आत्याचं, घर आम्हाला सापडलं आणि त्या शोधात या वह्यांचा मोठा वाटा आहे.

मी गुण कशावरून देणार ते आधीच सांगते. ज्या सेवेने घरातल्या लेकी शोधून दिल्या, ती चांगली. मुलगे शोधायला फारसं काही लागत नाही. ते शेजारच्या गल्लीत असतात, बांधावर भेटतात, श्रावणात कानबाईच्या रोटाला एका पंगतीत बसतात. हरवतात त्या लेकी. त्यांच्यासोबत त्यांची मुलं, नातवंडं, सगळा गोतावळा हरवतो, आणि दोन पिढ्यांनंतर तो शोधायचा कुठे हेही कुणाला ठाऊक नसतं.

मी अमळनेरची. पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजंट आहे. रोजचं काम नावांचंच: खातेदाराचं नाव, वारसाचं नाव, लग्नानंतर बदललेलं नाव. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ऐंशीच्या पुढचे आहेत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना ते पितरांची नावं मोठ्याने घेतात. आजोबा, पणजोबा, आजी, पणजी. आगारी टाकून झाली की म्हणतात, "धाकली फुईना पोरे कोठे व्हतीन?" अप्पांची धाकटी फुई, माझ्या आजोबांची पाठची बहीण, शहाद्याकडे दिलेली होती. पणजोबा गेल्यावर जमिनीवरून भावाबहिणीत काहीतरी झालं, आणि पुढे तिला आखाजीला आणायला कोणी गेलं नाही. घरात एवढंच माहीत होतं. गावाचं नावही कुणाला नक्की सांगता येईना. फुई आज असती तर शंभरीच्या पुढे गेली असती. ती भेटणार नव्हती, पण तिची मुलं भेटावीत ही अप्पांची ओढ खरी होती.

नाशिकला आम्ही एसटीने गेलो, धुळे, मालेगाव करत. माझं अर्धं तिकीट आणि अप्पांना पंचाहत्तरीच्या वरच्यांना मिळणारा मोफत प्रवास, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. रामकुंडाजवळ पोचलं की पहिला प्रश्न येतो: गाव कोणतं, आडनाव कोणतं? उपाध्यायांच्या घराण्यांमध्ये यजमान गावावरून, जातीवरून, आडनावावरून पिढ्यान्‌पिढ्या वाटलेले आहेत. तुमचे उपाध्ये कोण हे माहीत नसेल तर पुरोहित संघात विचारावं, ते योग्य घर सांगतात. कुंडावर जो पहिला भेटेल त्याच्यामागे जाऊ नये. कुणी वाईट असतं असं नाही, पण तुमच्या गावाची वही ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच ती आहे, दुसऱ्याच्या घरी ती असणार नाही.

खान्देशातल्या माणसाने जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली, आडनाव. आमच्याकडे अर्धा तालुका पाटील. सातबाऱ्यावर पाटील, आधारकार्डावर पाटील, लग्नपत्रिकेवर पाटील. वहीत "पाटील" एवढ्यावर काही निघत नाही. पाटीलकीच्या मागे घराचं जे मूळ कुळाचं आडनाव आहे, पवार, बोरसे, निकम, सूर्यवंशी, देवरे, जे असेल ते, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जावं. कुळाचं आडनाव लग्न जुळवताना तेवढं निघतं आणि मग पुन्हा मागे पडतं. आमच्या अप्पांना ते पाठ होतं म्हणून निभावलं. माझ्या पिढीतल्या किती जणांना सांगता येईल याची मला शंका आहे.

दुसरी, गावाचं पूर्ण नाव आणि जुना जिल्हा. एकाच नावाची गावं आपल्याकडे ढिगाने आहेत. बुद्रुक की खुर्द, पुढे "प्र." म्हणजे कुठल्या प्रगण्याचं, नदीच्या कुठल्या बाजूचं, हे सांगता आलं पाहिजे. आणि नंदुरबार जिल्हा म्हणून विचारलंत तर जुन्या पानांत तो सापडणार नाही. तो 1 जुलै 1998 ला झाला. त्याआधी शहादा, तळोदा, नवापूर हे सगळं धुळ्यात होतं, त्याच्याही आधी पश्चिम खान्देशात. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग 1906 साली पडले. त्याच्या मागचं पान असेल तर नुसतं खानदेश. अमळनेर पूर्व खान्देशात, शहादा पश्चिमेत. म्हणजे आमच्या घरची लेक एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली होती, आणि कागदोपत्री ते अंतर मोठं ठरतं.

आमच्या गावाची वही असलेले गुरुजी साठीचे असावेत. त्यांनी आधी अप्पांना बसायला पाट दिला, पाणी दिलं, मग माहिती विचारली. लाल कापडी बांधणीच्या लांबट, अरुंद वह्या, एकावर एक रचलेल्या. आधी सूची काढली, सूचीवरून वही, वहीतून पान. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. गुरुजी मोडी सरळ वाचत गेले आणि अप्पा मान हलवत गेले, कारण ऐकलेली नावं एकामागून एक येत होती. आजोबांची सही निघाली. माझ्या आजोबांचं अक्षर मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. जाड टाकाने केलेली, रेघेच्या खाली उतरलेली सही, पुढे गावाचं नाव, तिथी, आणि आईच्या अस्थी घेऊन आल्याची नोंद. अप्पांनी बोट न लावता बराच वेळ तिकडे पाहिलं. गुरुजींनी घाई केली नाही. या सेवेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. ते पान रोज पाहणाऱ्या माणसाला, समोरचा ते पहिल्यांदा पाहतो आहे याची जाण होती.

आता उणी बाजू. नामावळीत बायका आहेत, पण त्या आया आणि सुना म्हणून आहेत. श्राद्धाला बापाच्या बाजूच्या तीन पिढ्या लागतात, तशा आई, आजी, पणजी लागतात, आईच्या वडिलांकडचीही नावं लागतात. म्हणून पणजीचं नाव आमच्या पानावर होतं, तिच्या माहेरचं आडनावही होतं, आणि ते पाहून मला फार बरं वाटलं. तिच्या पोटच्या मुलांमध्ये मात्र फक्त मुलगे. आजोबांच्या दोन्ही बहिणींचा मागमूस नाही. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं, "ताई, मुलगी सासरच्या पानावर सापडते. तिचं सासरचं गाव आणि आडनाव घेऊन या, मग पुढचं पाहू." शोध तिथेच थांबल्यासारखा झाला. जे शोधायला गेलो होतो तेच आधी हातात असल्याशिवाय वही उघडणार नव्हती.

मग ते गाव मिळालं कुठे? जमिनीच्या कागदात. वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः आई, आजी, आत्या यांच्या बाजूने शोधणाऱ्याला, मी सांगेन की नाशिकच्या आधी फेरफार पाहा. गाव नमुना 6. सातबारा हा आजची स्थिती सांगतो, त्याच्यामागची कथा फेरफारात असते. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुली बापाच्या वारस झाल्यावर त्यांचीही नावं त्या नोंदीत येऊ लागली. मुलीचं नाव लग्नानंतरचं असतं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आलंच. सातबाऱ्यावर तिला भावांच्या रांगेत न घालता पुष्कळदा इतर हक्कात टाकत, पण फेरफारात ती असते. त्यानंतर बहिणी हक्क सोडतात. त्याचीही वेगळी नोंद होते आणि हक्कसोडपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या दप्तरात तिचं वय, धंदा आणि राहण्याचं गावसुद्धा मिळतं.

आमच्या पणजोबांचा मृत्यू 1956 नंतरचा. म्हणून आशा होती. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढली. अर्ज, ठरलेली फी, आणि वाट पाहणं, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं नाही. पण नक्कल हातात आली तेव्हा मी तिथल्याच बाकावर बसून वाचली. वारस म्हणून आजोबा, त्यांचे भाऊ, पणजी, आणि खाली दोन्ही बहिणी. धाकट्या फुईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, "राहणार" आणि शहादा तालुक्यातल्या गावाचं नाव. पुढच्या फेरफारात तिने भावांच्या नावे हक्क सोडल्याची नोंद. सहीच्या जागी अंगठ्याची निशाणी.

या कागदाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. आमच्याकडे हक्कसोड म्हटलं की सगळे गप्प होतात. बहिणीने सही दिली, साडीचोळी झाली, विषय संपला. पण तिने ज्या कागदावर घराशी असलेला हिस्सा सोडला, त्याच कागदावर ती आपल्या पूर्ण नावागावासह उभी आहे. लग्न झाल्यावर माहेरच्या बाजूने तिचं नाव असलेला घरातला तो एकमेव कागद होता. अप्पांना मी तो वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "तिनी अंगठा दिधा आनि आपन तिले इसरी गऊत." मी त्यांना त्यावर काही बोलले नाही. त्यांची चूक नव्हती, ते तेव्हा लहान होते.

धुळे आणि नंदुरबारकडच्यांसाठी एक सोय सांगून ठेवते: महसूल खात्याच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर तिकडचे जुने स्कॅन केलेले कागद पाहता येतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, त्यामुळे कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची दाखलखारीज रजिस्टरं याबद्दल गावोगाव माहिती झाली आहे. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी वंशावळ जुळवली त्यांनी ती फक्त प्रांत कार्यालयापुरती ठेवू नये, घरातल्या सगळ्यांना तिची एक प्रत द्यावी. त्यातही एक उणीव आहेच. दाखल्याची वंशावळ बापाकडून आजोबाकडे सरळ वर जाते. आत्या, बहिणी तिला लागत नाहीत, म्हणून कुणी लिहित नाही.

मधल्या काळात मी इंटरनेटवरच्या एका सेवेलाही पैसे भरले. आडनाव आणि जिल्हा कळवला की "संपूर्ण घराण्याचा इतिहास" पाठवतो अशी जाहिरात होती. आलेल्या चकचकीत पीडीएफमध्ये आमच्या आडनावाचं कुलदैवत, देवक आणि कुठल्याही पाटलाला लागू पडेल असा पराक्रम होता. आमच्या घरातलं एकही नाव नव्हतं. नाव घेत नाही, पण अशा सेवांकडे पैसे भरण्याआधी एकच विचारावं: माझ्या पणजोबांचं नाव तुम्ही कुठल्या कागदावरून देणार? उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नये.

मोबाईलवर नावं साठवायला मी फॅमिलीसर्च वापरते, ते मला आवडलं. फुकट आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचं एक चर्च ते चालवतं, वंशावळीच्या कामात ते 1894 पासून आहेत. हयात माणसांची माहिती दुसऱ्यांना दिसत नाही, ती फक्त तुमच्यापाशी राहते. मयत व्यक्तींचं पान मात्र सगळ्यांसाठी उघडं असतं आणि कुणीही त्यात बदल करू शकतं, हे लक्षात ठेवून लिहावं. हरिद्वारकडच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंही त्यात आहेत. आमच्या कामाला ती आली नाहीत. पण मला पटलं ते वेगळंच. तिथे बाईचं नाव माहेरच्या आडनावाने लिहायची पद्धत आहे. धाकटी फुई त्यात तिच्या बापाच्या आडनावाने आहे, नवऱ्याच्या शेजारी आहे, आणि तिच्या खाली तिची मुलं आहेत. भावाच्या खाली जितकी मोठी फांदी, तितकीच तिच्या खाली. आधी काम कागदावर करा आणि मग यात भरा. उलटं करायला गेलात तर तिथे शोधून खान्देशातलं खेडं सापडेल अशी आशा ठेवू नका.

पुन्हा नाशिक. या वेळी हातात फुईचं सासरचं आडनाव आणि गाव होतं. गाव वेगळं, म्हणून उपाध्येही वेगळे. आमच्याच गुरुजींनी त्यांचं घर सांगितलं, आधी फोन करून ठेवला. हे दुसरे गुरुजी वयाने तरुण. त्यांच्याकडे जुन्या सूचीचा संगणकावर केलेला गोषवारा होता, वह्या मात्र मूळच्याच. शहादा "पश्चिम खान्देश" खाली काढलं. फुईच्या सासऱ्याचं पान मिळालं, नवऱ्याचं मिळालं. नवऱ्याच्या क्रियेला थोरला मुलगा आला होता. त्याच्या सहीखाली पुन्हा एक नोंद, 2003 च्या सिंहस्थातली. बाळबोध अक्षर, निळी शाई. आईचं नाव लिहून पुढे "कैलासवासी". म्हणजे धाकटी फुई तोवर गेलेली होती. आणि त्याखाली: हल्ली मुक्काम सुरत.

सुरत म्हटल्यावर अप्पांनी लगेच मान डोलावली. खान्देशातून सुरतेला गेलेल्यांची संख्या कमी नाही. कापडाच्या धंद्यामागे शहादा, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा इथून घरंच्या घरं गेली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, तिकडे आपली बोली रस्त्यावर ऐकू येते. भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी आमच्या अमळनेरवरूनच जाते. त्या रुळांवरून आम्ही कितीदा नंदुरबारच्या लग्नांना गेलो असू.

नोंदीत फोन नंबर होता. मी तो मागितला. गुरुजींनी दिला नाही. म्हणाले, "त्यांनी तो आमच्याकडे दिला आहे, तुम्हाला देण्याआधी मी त्यांना विचारतो." तिथेच बसून त्यांनी फोन लावला. तो नंबर बंद होता. मग त्यांनी 2015 च्या सिंहस्थाची वही काढली, त्यात नातवाची सही आणि दुसरा नंबर होता, तो लागला. आमचं नाव, गाव, नातं सांगितलं आणि विचारलं, द्यायचा का तुमचा नंबर? पलीकडून होकार आल्यावरच तो कागदावर लिहून दिला. मला त्या क्षणी हे सगळं लांबण लावल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, वही कुणाच्या हातात असावी तर अशाच माणसाच्या. आमच्याही घरातले नंबर त्यांच्यासारख्यांकडेच आहेत. दक्षिणेचा आकडा दोन्ही घरांनी सांगितला नाही. आम्ही प्रत्येकी एक हजार एक ठेवले.

त्याच संध्याकाळी सुरतेहून फोन आला. फुईची मुलगी बोलत होती, अप्पांची आतेबहीण, तीही आता सत्तरीच्या पुढे. मी स्पीकर लावला. पहिलं वाक्य होतं, "भाऊ, मी तुनी फुईनी पोर बोलस. इतला दिन कोठे व्हतात?" अप्पांना पटकन बोलता येईना. मग त्यांनी विचारलं, फुई शेवटी कुठे होती, कशी होती. फुई सुरतेलाच गेली. क्रिया प्रकाशाला तापीवर केली होती, शहाद्याच्या लोकांना ते जवळचं. पुढे सिंहस्थात मुलगा नाशिकला आला म्हणून वहीत नोंद झाली. तो सिंहस्थात आला नसता तर ते नाव आम्हाला वाचायला मिळालं नसतं.

आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. एका मजल्यावर तीन खोल्या, खाली मुलाचं साड्यांना लेस लावायचं काम. जेवायला शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी, आणि ताईफुईने, मी तिला तसंच म्हणते, अप्पांना हाताने वाढलं. ती मुलांशी अहिराणीत बोलते, नातवंडं आपसांत गुजराती बोलतात. फुईने माहेरची गाणी लेकीला शिकवली होती, आखाजीच्या गौराईची. अप्पांनी ती त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेली. एका कडव्यात दोघांचे शब्द वेगळे पडले तेव्हा दोघंही आपलंच बरोबर म्हणून अडून बसले, आणि पहिल्यांदाच ते मला बहीणभावासारखे दिसले.

जमिनीचा विषय निघाला. मी तो टाळणार होते, ताईफुईने काढला. तिच्या आईला जमिनीचं दुःख नव्हतं म्हणाली. अंगठा तिने राजीखुशीने दिला. आखाजीला गाडी येईल म्हणून ती दारात बसायची, ते तिला शेवटपर्यंत लागलं होतं. अप्पांनी तेव्हाच सांगितलं, येत्या आखाजीला मी स्वतः न्यायला येतो. आणि ते गेले. घागर भरताना या वर्षी धाकट्या फुईचं नाव घेतलं, तिच्या लेकीच्या समोर.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. उपाध्यायांना आधी फोन करा, श्राद्धपक्षात जाऊ नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. वहीचे फोटो काढायचे तर विचारून काढा. आम्हाला फक्त आमच्या घराच्या ओळींचा काढू दिला, शेजारच्या ओळी कागदाने झाकून, आणि ते बरोबरच आहे. घरात मोडी कागद असतील आणि वाचणारा मिळत नसेल तर वाचक शोधा, बांधून ठेवू नका. जुन्या कागदांची किंमत खान्देशला नव्याने शिकवायची गरज नाही, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे. बरोबर घरातला सगळ्यात वयस्कर माणूस न्या, फक्त चिठ्ठी नको. गुरुजी नावं वाचतात, पण "हा कोण" हे तोच सांगतो.

मला या सेवेला पाचपैकी चार तारे द्यावेसे वाटतात. माणसं, जपणूक, चोखपणा याला पूर्ण. एक तारा लेकींच्या नावांसाठी राखून ठेवते, आणि तो भरून काढणं बरंचसं आपल्या हातात आहे. नोंद करताना गुरुजी विचारतात, मुलगे किती? त्यांना मुलींचीही नावं सांगायची, सासरच्या गावासकट. नको म्हणत नाहीत. आमच्या पानावर आता आजोबांच्या दोन्ही बहिणी आहेत, माझ्या दोन आत्या आहेत, मी आणि माझी बहीण आहोत, प्रत्येकीपुढे दिलेलं गाव. सही अप्पांची, आणि त्यांच्या सांगण्यावरून खाली माझीही.

2027 ला नाशिकला सिंहस्थाची पर्वणी आहे. तेव्हा गर्दीत वही शांतपणे पाहता येणं अवघड आहे. ज्यांना जुनी पानं बघायची आहेत त्यांनी त्याआधीच जाऊन यावं. सिंहस्थात नवी नोंद करणार असाल, तर तिथे पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर नक्की लिहा.